दोनदा उणे एक

ट्रॉन्डहाइमच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
तीन यंत्रं आहेत, तीन घराण्यांची.
छताखालचा कॅमेरा जर्मनांचा,
सोनोग्राफीचा दांडा कोरियाहून आलेला,
आणि मेंदूचा नकाशा दाखवणारा पडदा
नक्की कुणाचा, आता सांगवत नाही;
ती कंपनी दोनदा विकली गेली.

या हाताचं त्या हाताला कळू नये,
असं दानाबद्दल म्हणतात.
यांनी ते व्रतच घेतलं होतं.

त्यांच्यात बोलणं घडवायचं, हे माझं काम.
दुभाषी म्हणावं, तर शब्द एकही नाही,
नुसते आकडे, सेकंदाला तीस वेळा:
टोक इथे आहे. टोक इथे आहे.
टोक इथे आहे.

चाचणीसाठी तुरिड सिस्टरनं घरून सलगम आणला,
डोक्याएवढा, मातीसकट.
डाव्या अंगाला, जरा पुढे,
त्यात एक वाळका वाटाणा खुपसला.
स्कॅन काढला. सुई वाटाण्यावर टेकवली.
पडद्यावर सुई उजवीकडे, मागे,
शांत, ठाम,
मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत बिनचूक,
आणि चूक.

एका घराण्यात आकडे वाढतात
रोग्याच्या डाव्या हाताकडे आणि पाठीकडे,
दुसऱ्यात उजव्या हाताकडे आणि नाकाकडे.
वर म्हणजे डोक्याकडे,
एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत.

'मग खोटं कोण बोलतंय?' एलिफनं विचारलं.
तो नवीन आहे, चोविसाचा.
कुणीच नाही, म्हटलं.
दोघांचेही कागद मी वाचलेत,
दोघंही खरं बोलतात, आपापल्या घरात.

डावं-उजवं करू नये म्हणतात.
मला पगार त्याचाच मिळतो.

ओड्वारला मी आदल्या दिवशी भेटले.
एकतीस वर्षं फेरीबोटीचं सुकाणू धरलेलं,
आता ओठाची एक कड खाली ओघळलेली.
त्यानं विचारलं, मी सांगितलं, सलगमासकट.
तो अर्ध्या तोंडानं हसला.

'बोटीवर आम्ही डावं म्हणतच नाही.
धुकं असतं, दोघं समोरासमोर उभे,
एक ओरडतो, डावीकडे! पण कुणाच्या?
म्हणून त्या अंगाला नावच देऊन टाकलंय, बाबोर्ड.
तू पुढे बघ, मागे बघ, पालथी झोप,
बाबोर्ड जिथल्या तिथे.'

हे मी तोवर करून बसले होते, पण इतकं सोपं
मला सांगता आलं नसतं.
तीन आठवड्यांच्या कामातून उरल्या होत्या चार ओळी:
पहिला आकडा गुणिले उणे एक,
दुसरा गुणिले उणे एक,
तिसऱ्याला हात लावायचा नाही,
आणि प्रत्येक निरोपाच्या कपाळावर
हे डावं कुणाचं, ते लिहायचं.

सकाळी डॉक्टर इंगव्हिल्डनं सुईचं टोक
त्याच्या नाकाच्या शेंड्याला लावलं.
पडद्यावर नाक.
डाव्या कानाला लावलं.
मी काचेबाहेर उभी होते,
श्वास घ्यायचा राहून गेलेला.
डावा कान.
मग ती म्हणाली, 'चला,'
आणि मला तिथे काही काम उरलं नाही.

संध्याकाळी तो शुद्धीवर येत होता.
पायथ्याशी उभं राहून डॉक्टरनं सांगितलं,
'ओड्वार, डावा हात वर.'
बराच वेळ काहीच नाही.
मॉनिटरची टिकटिक, तुरिडचे बूट.
मग कोरड्या जिभेनं, 'कुणाचा?'
आणि हात उचलला, बरोबर तोच.

सलगम तुरिडनं उकडून, लोणी घालून खाल्ला.
वाटाणा माझ्या टेबलावर आहे.

शुक्रवारी जर्मनांचं पत्र आलं:
ग्राहकांच्या सोयीसाठी
नव्या आवृत्तीत दिशांची पद्धत बदलली आहे.
मी ते दोनदा वाचलं.
मग तुरिडला फोन केला,
येताना बाजारात बघशील का,
मोठासा, डोक्याएवढा.