शंभराखालचं

सावद्याच्या भुईकाट्याची टेक्स्ट फाईल,
चाळीस हजार ओळी. गाडी नंबर, वेळ, किलो.
नेहेते शेठ म्हणाले, कचरा काढ यातला,
मला फक्त केळीच्या गाड्या दाखव.

पायथॉनच्या सात ओळी लिहिल्या.
ओळ रिकामी असेल तर सोड.
वजन शंभराखाली असेल तर सोड:
कुत्रं चढतं काट्यावर,
कुणी घड टेकवून विडी ओढतं.

सोडलेलं मात्र दुसऱ्या फाईलीत ठेवलं.
फेकण्याआधी चाळण बघायची सवय.

रात्री दोन दहा. पासष्ट.
रात्री दोन बारा. पासष्ट.
गाडी नंबराची जागा कोरी.
पोळ्यापर्यंत पासष्ट, दिवाळीत साठ,
आता पंचावन्न.
हा काटा पाचापाचानेच बोलतो,
मधलं गिळतो.

नामदार तडवी, रातपाळीचा.
विचारलं तर हसला.
"दवाखान्यात रांग लागते, भो.
हा तर रात्रभर मोकळा."

त्या रात्री मी थांबलो.
दिल्लीची शेवटची गाडी गेली,
मागे कच्च्या केळीचा हिरवा वास.
लोखंडी पाट्यावर त्याच्या शेजारी उभा राहिलो,
चपलांसकट.
एकशे वीस.

सकाळी स्क्रिप्ट चालवली, कुठं अडली नाही.
ती ओळ गाड्यांमध्ये जाऊन बसली होती.
शेठनी चष्मा कपाळावर सरकवला,
"एकशे वीस किलोची ही कुठली गाडी रे?"

म्हटलं, जळगावची.
सिव्हिलला निघालीय. आत्ताच.