दुजोरा

वृत्तसंस्थेकडून अकरा ओळी आल्या होत्या,
त्यांची शेवटची नेहमीचीच:
'या वृत्ताला स्वतंत्र दुजोरा मिळू शकलेला नाही.'
तेवीस वर्षं रात्रपाळीत ही ओळ मी मराठीत आणते आहे.
आता ती बोटांना पाठ आहे,
डोक्यापर्यंत जातच नाही.

त्या रात्री कोंढव्यातून मुअताजचा फोन आला.
सुदानी पोरगा, फार्मसीचं तिसरं वर्ष,
व्हिसाच्या रांगेवर मी बातमी केली होती
तेव्हापासून ताई म्हणतो.
त्याच्या आतेभावाने गच्चीवरून टिपलेली
एक्केचाळीस सेकंदं:
धूर, पत्रे, उलटी पडलेली हातगाडी
आणि मग नुसतं आभाळ,
कारण फोन धरणारा मटकन खाली बसला होता.

तोवर तीच सेकंदं आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेलेली,
दुसऱ्याच देशाच्या, दुसऱ्याच युद्धाच्या नावाने,
'आज पहाटेचे दृश्य' म्हणून.
खाली कुणीतरी हात जोडलेले.
त्याखाली टँकरची वेळ.

साडेअकराला मी काटदरेंना फोन लावला.
वेधशाळेत छत्तीस वर्षं ढग वाचलेला माणूस,
निवृत्तीनंतर युद्धं वाचतो,
एरंडवण्यात, जेवणाच्या टेबलावर, भिंगातून,
कुणी सांगितलेलं नसताना.
"झोपलो नव्हतो," म्हणाले,
"पण विचारायची एक पद्धत असते."
मग वीस मिनिटं पेन्सिलीची कुरकुर.
"टाकीची सावली पूर्वेला, टाकीच्या पावणेदोन पट.
दुपारचे चार. पहाट म्हणणारा स्वतःच झोपेत आहे.
तारीख सावली सांगत नाही, हेही लिहून घ्या."

मुअताजने पडद्याकडे पाठ करून नुसता आवाज ऐकला.
"स्फोटाआधी अजान आहे, ताई. मधेच तो खोकतो.
हा खोकला आमच्या मशिदीतला.
त्याची नक्कल करून लहानपणी मार खाल्लाय मी."

तारीख संस्थेकडे होती, मृतांचा आकडाही.
असं ते जुळलं:
त्यांचा आकडा, काटदरेंची सावली,
एका मुअज्जिनचा खोकला.
मी शेवटची ओळ खोडली.
हात थोडा थरथरला, खोटं कशाला सांगू.

म्हटलं, टिपणाऱ्याचं नाव द्यायचं.
आपण इथे एसीत, तो तिथे गच्चीवर.
वाघचौरे साहेब घड्याळ बघत म्हणाले, "द्या."
मुअताज बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "काकांना ती गच्ची किती वेळात सापडली?"

वीस मिनिटं.

काटदरेंना पुन्हा फोन.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं,
आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच म्हातारा झाला.
"गल्ली, घर, कठडा, सगळं काढून ठेवलंय इथे.
मला वाटलं, आपण खरं शोधतोय."
खोडरबराचा आवाज फोनवर ऐकू येतो
हे मला माहीत नव्हतं.

पान सात. वाघोलीच्या फ्लॅटच्या जाहिरातीखाली एक कॉलम.
चित्रातून मी टाकी कापली, कठडा कापला,
उरला धूर, कुठलाही.
नावाच्या जागी: वृत्तसंस्था.
आणि ती शेवटची ओळ परत टाकली.
या वेळी ती खोटी होती,
म्हणून एकेक अक्षर वाचत टाकली.

सकाळी सातला काटदरे:
"सायंकाळी छापलंय तुम्ही. चार म्हणजे दुपार."
मी काहीच बोलले नाही.
मागे कुकरची शिट्टी, कुणाचं तरी चहाला बोलावणं.
"असो," ते म्हणाले.
"त्या मुलाला विचाराल का,
आज अजानमध्ये तो खोकला का ते?"