पलीकडच्यांचे कपकेक

दुकानात हिरवा रंग होता, पिवळा होता,
लाल नव्हता.
"नाताळच्या आठवड्यात लाल कुठून उरणार, बाई,"
सेल्बी म्हणाला आणि काउंटर पुसत राहिला.
मग ड्युल्सीने तळघरातून
पार्ट्रिजबेरीच्या मुरंब्याची बरणी वर आणली,
फडक्यातून गाळली,
आणि आयसिंगला रंग चढला,
धड लाल नाही, धड गुलाबी नाही,
वाऱ्याने फुटलेल्या गालांचा असतो तसा.
चालेल, म्हटलं आम्ही.
या बेटावर सांताक्लॉजचे गाल
दुसऱ्या कुठल्या रंगाचे असणार?

चोवीस कपकेक, काकवी घातलेले,
ओट्यावर, खिडकीत, फ्रिजच्या डोक्यावर,
एक ताट तर शिवणयंत्रावर.
नोझल हरवलं होतं.
पावाच्या पिशवीचा कोपरा कातरून
एफीने ती हातात घेतली
आणि आमच्या गप्पा आपोआप थांबल्या.
सव्वीस वर्षं माशांच्या कारखान्यात
कॉडचा काटा एका ओढीत सोडवणारा हात तो.
मनगट हलत नाही.
बोलतो फक्त अंगठा.
बघता बघता फरची झाडं उभी राहिली,
फांदीफांदीवर पिठीसाखर.

माझं झाड मात्र कोबी झालं.
"तो तुझ्या नवऱ्याला," ड्युल्सी म्हणाली,
"तसाही तो बघत नाही, गिळतो."

कारखान्याला कुलूप लागलं त्या साली
निम्म्याजणी पलीकडे गेल्या,
कुणी रुग्णालयात पुसायला, कुणी मुलाकडे,
आणि वर्षातून एकदा, तेवीस डिसेंबरला,
बोटीने येतात.
म्हणून प्रत्येक कपकेकवर कुणीतरी होतं.
अँब्रोजसाठी अकॉर्डियन, त्याच्या पट्ट्या
एफीने सुईने ओढल्या.
फिलोमेनाच्या केकवर नुसता चमचाभर मुरंबा,
तिची साखर वाढलीय, पण तोंड वाढलेलंच होतं आधी.
लोरेन्झोच्यात रम नाही, दोन वर्षं झाली,
म्हणून त्याच्यावर सगळ्यात मोठा तारा.
आणि युनासाठी हातमोजा. एकच.
दरवर्षी ती एक इथे विसरून जाते.
दारामागच्या खुंटीवर सात लटकताहेत,
सातही डाव्या हाताचे.

तीन वाजता फोन वाजला.
सामुद्रधुनीत बर्फ सरकून आलाय,
बोट सुटणार नाही. आज नाही, उद्याही बहुतेक नाही.
युना म्हणाली, "माझा फ्रीजरमध्ये ठेवा."
मग म्हणाली, "नको. ठेवू नका."
मग तिच्या बाजूची केटली शिट्टी मारत राहिली
आणि ती उठली नाही.

फोन ठेवला.
चोवीस केक आमच्याकडे बघत होते
आणि आम्ही तिघी.
एफीने हात धुतले. पुन्हा धुतले.
मी म्हटलं, शेजारीपाजारी वाटू या.
कुणी उत्तर दिलं नाही.
शेजारी म्हणजे सेल्बी आणि तीन बंद घरं.

ड्युल्सी बूट चढवत होती.
"सुटणार नाही म्हणजे बोट इकडे आहे ना?
मग बोटीवरची माणसंही इकडेच अडकलीत."

कपाटाचा खालचा खण ओढून काढला,
त्यातले टॉवेल तसेच ठेवले, वर केक मांडले,
खण घसरगाडीला बांधला
आणि उतारावर मागून धरून धरून
धक्क्यापर्यंत नेला. दोन झाडं आडवी झाली.
एक कोबी होता, त्यामुळे कळलं नाही.

सातजण होते, आचारी धरून.
कुणी आधी हात पुढे केला नाही,
टोप्या काढून उभे, जसं काही प्रार्थना आहे.
कप्तानाने अकॉर्डियन उचललं,
कानाशी नेलं, मग खाल्लं.
तारा गेला इंजिनवाल्याकडे.
फिलोमेनाचा आचाऱ्याने हुंगला, आणि म्हणाला,
"साखर कमी पडलीय."
आम्ही इतक्या हसलो की तो लाजला.

सगळ्यात लहान पोरगा, विशीतला,
पहिलाच नाताळ घराबाहेर,
त्याच्या वाट्याला युनाचा आला.
बराच वेळ तळहातावर धरून बघत राहिला.
"एकच?
दुसरा कुठे?"

"पलीकडे," एफी म्हणाली.

त्याने मान हलवली, जणू समजलंच,
आणि अंगठ्यापासून
खायला सुरुवात केली.