दोन भोवरे

बसण्णा हडपदच्या खुर्चीच्या दोन हातांवर
एक फळी आडवी टाकलेली असायची,
तिच्यावर बसून मी पहिल्यांदा रडलो.
तेव्हाचं आहे, 'रडलो'च राहू दे.
मान खाली दाबून बसण्णा म्हणायचा,
"दोन भोवरे हायत बे याला, दोन लग्नं करतंय बघ."
नायना हसायचे. बाकावरचे सगळे हसायचे.

मग अकरा महिने मी त्या दुकानासमोरून गेले नाही.
अशोक चौकातून वळायचं ते पलीकडच्या बोळानं,
डोक्याला रुमाल, थेट टॉवेलच्या कारखान्यात.
तिथं बरं असतं.
माग इतके खडखडतात की कुणी काही विचारलं
तर ऐकूच आलं नाही म्हणता येतं.
आणि पिंज उडते. संध्याकाळी सहाला
सगळ्यांचेच केस पांढरे,
सगळेच म्हातारे, बाई की बुवा कळत नाही,
नळाखाली डोकं धरेपर्यंत.

नळ म्हणजे, आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी.
बोअरच्या पाण्यानं केसांचा काथ्या होतो,
म्हणून पाचवा दिवस मोजायचा,
आदल्या रात्री शिकेकाई भिजत घालायची.
लांब केसांना एक बादली जास्त लागते.
त्या एका बादलीवरून घरात काय काय बोललं गेलं
ते लिहीत नाही.
अम्मा विड्या वळते. पानं कापायची कात्री
तिच्या मांडीशी असते कायम.
एकदा कात्रीकडे बघत म्हणाली, "झोपलास ना, की..."
पुढं बोलली नाही.
मी वेणी उशीखाली दाबून उजाडेपर्यंत जागी.

सात रस्त्याच्या पार्लरमधल्या पोरीनं
काचेवरची पाटी दाखवली: फक्त महिलांसाठी.
मी म्हटलं, म्हणूनच आले.
तिनं पुन्हा पाटीच दाखवली.

सोमवार होता. बसण्णाचं शटर अर्धं खाली.
वाकून आत गेले.
"आज सुट्टी," तो म्हणाला, मग आरशात बघितलं.
बराच वेळ बघितलं.
"गुंडेटीचं ना तू?"
'चा' नाही, 'ची' नाही. 'चं'.
कडेवरच्या लेकराला म्हणतात तसं.
तेवढ्या जागेत मला बसता आलं.

"लेडीज कट येत नाही मला," म्हणाला,
"पण हे डोकं येतंय."
आणि बोटं घातली केसांत.
धोटा लागून झालेली खूण त्याला न बघता सापडली.
कानशिलांवर केस मागं सरकलेत,
तिथं मी रोज काजळाचं बोट फिरवते,
तेही सापडलं. अंगठ्यानं पुसून बघितलं त्यानं.
"मधनं भांग पाडतीस, म्हणून उघडं पडतंय.
ह्या दुसऱ्या भोवऱ्यातनं घे की."
पाडतीस, म्हणाला.
कात्री चालूच होती,
त्याचं त्याला कळलं की नाही कोण जाणे.

दुसऱ्या भोवऱ्यातून भांग घेतला
तर केस आपणहून पुढं आले, कपाळावर,
कुणी हाक मारल्यासारखे.
इतकी वर्षं तो भोवरा
नुसता विनोदापुरता होता डोक्यावर.

पगार शनिवारी. त्यानं उधारीची वही काढली.
"नाव?"
"हेमलता."
लिहिलं. 'हे'ची मात्रा विसरला, मग दिली.
भाव काय लावायचा यावर मात्र अडला.
बायकांचा की गड्यांचा?
पेन्सिल कानावर ठेवली, परत काढली.
"चाळीस," म्हणाला शेवटी, "नुसती टोकं तर काढली."

घरी अम्मानं मान वर केली.
मी उंबऱ्यातच थांबले, रुमाल हातात.
ती उठली, हात पदराला पुसले,
तंबाखूचा वास आला जवळ आल्यावर.
माझ्या डाव्या कानशिलावर बोट ठेवून म्हणाली,
"इथं अजून दिसतंय."
आणि पुन्हा पानं कापायला बसली.