निरंक

सहा दहा. बक्स्टनच्या वरच्या अंगाला
धुकं अजून मेंढ्यांच्या पाठीवरच बसलेलं.
क्लाइव्ह ऑल्सॉप टायरांना बुटाने टोचतो,
मी यादी वाचतो:
नारिंगी पाट्या, पुढे आणि मागे,
आग विझवायची नळकांडी दोन, पाचरी दोन,
कुलूप, त्यावर दुसरं कुलूप.
तोटे मागच्या पेटीत, कॅपा पुढच्या,
मधे जाड भिंत.
एकाच गाडीतून जायचं, पण बोलायचं नाही,
भावकीतल्या चुलत्यांसारखं.

माझा बाप कॅपा सदऱ्याच्या खिशात ठेवायचा,
विडीच्या बंडलाला खेटून.
तोटे सायकलच्या कॅरियरला, गोणपाटात.
खड्डा आला की उतरून चालायचा.
एवढाच नियम.
वात पेटली की "बाऽर!" अशी हाळी द्यायची
आणि पळायचं.
त्याच्या उजव्या हाताला तीन बोटं होती.
बाकीची कुठायत विचारलं तर म्हणायचा,
दगडानं दस्तुरी घेतली.

तर आज.
हॉलिनक्लफच्या चढावर
पुढच्या चाकातली हवा सावकाश गेली,
आणि गाडी थांबली ती नेमकी
शाळेच्या फाटकापासून साठ पावलांवर.
आठ पन्नास.
पटावर सव्वीस पोरं, सगळी आत.

धूर नव्हता. वासही नव्हता.
चाकच ते, कुणाचंही बसतं.
पण पान चारवर लिहिलंय:
शंका आली तर ती खरी धरा.
क्लाइव्हने रस्ता अडवला, मी फोन लावला.
आवाज कसा ठेवायचा हेसुद्धा सरावात शिकवतात,
बाजारभाव सांगावा तसा:
किती किलो, कोणता रस्ता, वारा कुठून.
पोरांना मागच्या दाराने टेकडीपलीकडच्या हॉलमध्ये.
हॉलची किल्ली: मिसेस डोरीन गेल्स्थॉर्प.
लावला. वाजला. वाजतच राहिला.
मग एक पुरुषी आवाज: आई फेब्रुवारीत गेली.

आमच्या आराखड्यात ती जिवंत होती.
दर तीन महिन्यांनी आम्ही तिच्या नावाखाली
"तपासले" म्हणून सही करत होतो.

सॉरी म्हटलं.
आणि लगेच, लाज सोडून: किल्ली?
पलीकडे नुसता श्वास.
"ॲप्रनच्या खिशात असेल.
ॲप्रन अजून दारामागेच आहे.
मी हलवलेला नाही."

मग पाहिलं त्याला,
साठीच्या आसपासचा माणूस, पायात घरातल्या सपाता,
किल्ली डोक्यावर उंच धरून चढ चढणारा,
आणि मागे जोड्या-जोड्यांनी पोरं,
कुणाचं काही गाणं चाललेलं,
एकजण रडत होता, त्याचा डबा वर्गात राहिला म्हणून.

चाकात घोड्याच्या नालेचा खिळा निघाला.
एवढासा.

दहा चाळीसला खाणीत पोचलो.
बेथनी हॅलमने तोटे मोजले,
मी मोजले, तिने परत मोजले.
ती सुरुंग लावते, तिची दहाही बोटं आहेत,
दोन अंगठ्याही.
दोन वाजता भोंगा झाला
आणि चुनखडीचा कडा
दमलेली बाई खाली बसते तसा
गुडघ्यातून बसला.
मी पळालो नाही. पळायचं कारणच नव्हतं,
तरी पोटऱ्या ताठल्या. रक्तात असतं काही.

तोटा म्हणजे काय, क्लाइव्हला एकदा सांगायला गेलो.
पेटीत मोजून भरतात तोही तोटा,
आणि हाताची बोटं कमी होतात तोही.
तो म्हणाला, मग हिशेब कसा ठेवता?

संध्याकाळी फॉर्म.
मृत. जखमी. मालमत्तेचं नुकसान.
क्लाइव्ह रकान्यांतून आडव्या रेघा मारतो.
मी मनात चावडीतला शब्द म्हणतो,
तलाठी शेऱ्यात लिहायचा तो,
निरंक, निरंक,
आणि जीभ गोड होते.

मग पान चार काढलं.
डोरीनबाईंचं नाव खोडायला पेन टेकवला,
एक ठिपका उमटला शाईचा.
पुढचं कंसात लिहिलं:
मुलगा, कीथ. नंबर तोच.
किल्ली दारामागे, ॲप्रनच्या खिशात.