घटक चार : खडक

पुस्तक बोटीनं आलं, सहाव्या आठवड्यात,
एका कोपऱ्यातून भिजत भिजत.
योतेबानं तांदळाच्या पोत्याखालून उपसून दिलं,
म्हणाला, घे तुझे दगड. वजनदार आहेत.

केतकीच्या चटईवर पानं वाळत घातली,
उडू नयेत म्हणून प्रत्येकावर शिंपला.
तरी एक्केचाळिसाव्या पानावर
कोंबडीनं आपला अभिप्राय नोंदवलाच.

हे पुस्तक मला 'तुम्ही' म्हणतं.
'आता थोडं थांबा.
एक कप चहा घ्या.
मगच पान उलटा.'
दिवसभर पाचवीची पोरं, संध्याकाळी सासूचं औषध,
मला थांब म्हणणारं
या बेटावर दुसरं कुणी नाही.
मी आधण ठेवते.

माझ्याआधी हे कुणाकडे तरी होतं.
समासात बारीक पेन्सिल :
समजलं नाही.
समजलं नाही.
विसाव्या पानावर एकदाच : हां!
त्यापुढे पानं कोरी.

कृती ४.२.
'घराबाहेर जा. तीन निरनिराळे खडक गोळा करा.
तुलना लिहा.' खाली सहा ओळी रिकाम्या.

गेले. लगूनकडून निघाले, समुद्राकडे पोचले,
मधे चारशेच पावलं.
पोवळं.
पोवळ्याचा चुरा.
चर्चच्या पायरीतही पोवळंच.
हे लिहिणाऱ्या माणसाच्या दारात
डोंगर असणार,
उंबऱ्याशी चपलांसारखे पडलेले खडक असणार.

भरतीच्या रेषेवर, नारळाच्या झावळ्यांत,
एक करडा, सच्छिद्र, हलका.
पाण्यात टाकला तर तरंगला.
कुठल्या ज्वालामुखीतून निघाला,
किती वर्षं वाहत आला, त्याला पोचवायला बोट लागली नाही.

मी लिहिलं :
पहिला, पोवळं, इथलाच.
दुसरा, प्यूमिस, आलेला.
तिसरा अजून वाटेत आहे.

धावपट्टीच्या टोकाला रात्री सिग्नल असतो.
फोन डोक्यावर धरून उभी राहिले,
एकसष्ट टक्क्यांवर उत्तर अडलं,
डास मात्र शंभर टक्के पोचले.

पुस्तक परत द्यायचंय, पुढच्या बोटीनं.
मागे उत्तरं आहेत : ग्रॅनाइट, बेसाल्ट, चुनखडी.
शेजारी लहान अक्षरांत : 'तुमची उत्तरं वेगळी असू शकतात.'
त्याखाली मी रेघ ओढली.

मग नवव्या पानावर, त्या जुन्या
'समजलं नाही'च्या खाली,
माझ्या पेन्सिलीनं :
मलाही नाही. चहा घे.