इतर

विदमांतासचा डोळा लागू नये
म्हणून माझा डोळा त्याच्यावर लावलेला.
तो सुवाल्कीच्या पुढे, अठरा टन गोठवलेली मासळी घेऊन;
मी कौनासला, चौथ्या मजल्यावर,
हीटरला पाय टेकवून.

त्याच्या काचेवरचा कॅमेरा
तोंड उघडलं की दहा सेकंद पाठवतो मला.
आवाज नाही. नुसतं तोंड.
खाली पाच बटणं :
जांभई, फोन, खाणं, सिगारेट, इतर.
चार सेकंदांत एक दाबायचं.
पाचवा सेकंद माझ्या नावावर चढतो
आणि यूर्गिताच्या पडद्यावर उमटतो.
यूर्गिताचे सेकंद कुठे उमटतात
ते तिलाही ठाऊक नाही.

मंगळवारी त्याच्या अकरा जांभया झाल्या.
दहाच्या वर गेलं की फोन करायचा. केला.
"रात्री झोपत नाही का तुम्ही?"
"बाई, मी गात होतो."
मग जरा थांबून :
"सत्तावीस वर्षं चालवतोय.
झोप यायची असली की आधी रस्ता मऊ लागतो.
तेव्हा मी गाडी कडेला घेतो. कुणी सांगावं लागत नाही."

रस्ता मऊ लागतो.
याला बटण नाही.

तेव्हापासून बघत राहिले.
जांभई डोळे मिटते, गाणं भुवया उचलतं.
एकदा तर ओठांवरून कडवंच ओळखलं,
बीट उपटताना आत्या म्हणायची ते;
तिचाही शेवटचा शब्द असाच
हनुवटीत अडकायचा.
मी "इतर" दाबलं.
"इतर"ला कारण लिहावं लागतं.
लिहिलं : ओठ हलत आहेत.

महिनाअखेर माझे एकाहत्तर टक्के.
यूर्गिताने बोलावलं. "इतर फार होतंय तुझं."
बोलताना तिचा हात माऊस हलवत होता, उगीचच,
निजलेल्या पोराचा पाळणा हलवावा तसा,
थांबला तर उठेल.
मी पाहिलं. तिने पाहिलं मी पाहिलेलं.
दोघीही काही बोललो नाही.

आज सकाळपासून विदमांतासची एकही क्लिप नाही.
कुणीतरी सांगितलं असेल त्याला.
तोंड मिटून चालवतोय.
शून्य जांभया, शून्य इतर,
नावापुढे हिरवा तारा.
नकाशावर त्याचा ठिपका
सरळ, एकसारखा पुढे चाललाय.

बाहेर साडेतीनलाच अंधारलंय.
मी हीटरवरचे पाय खाली घेते,
आणि त्याचा नंबर शोधू लागते.
कारण काय लिहू, ते अजून ठरत नाही.